घरातला विस्तव सरकतो आहे

परळच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयात १९८०च्या दशकात बटाटे उकडले जात, ते भाजीसाठी नव्हे. डॉ. मनोहर केसवानी आणि त्यांचे सहकारी उकडलेल्या बटाट्यांच्या साली गॉजच्या पट्टीवर एकीला लागून एक अशा चिकटवत, पट्टीची गुंडाळी करत, ती वाफेवर निर्जंतुक करत आणि भाजलेल्या मुलांच्या जखमांवर बांधत. सालीची आतली बाजू जखमेकडे. १९८५ साली ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्यावरचा निबंध आला. नुसतं कोरडं गॉज जखमेला चिकटतं. ते सोडवायला गेलं की नुकती धरू लागलेली त्वचाही त्याच्याबरोबर निघते, आणि ड्रेसिंगची ट्रॉली दिसली की मूल रडायला लागतं. साल चिकटत नाही. तिच्याखाली ओल टिकते आणि जखम आपल्या चालीने भरत जाते. श्रीमंत देशांत या कामासाठी डुकराची त्वचा किंवा तयार कृत्रिम आवरणं मिळत. परळला ती परवडणारी नव्हती. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान वापरून पाहिलं. तेही चाललं, आणि सालीपेक्षा कितीतरी स्वस्त पडलं.

ही गोष्ट बहुधा देशी कल्पकतेचं कौतुक म्हणून सांगितली जाते. कौतुक आहेच. पण बटाट्याच्या सालींची पट्टी रोज तयार करावी लागते ती रोज मुलं भाजून येत असतात म्हणून. ही मुलं कुठे भाजत होती, कशाने भाजत होती, आणि आता कशाने भाजतात, हा या लेखाचा विषय आहे. मुलांचं भाजणं हा निव्वळ वैद्यकीय विषय नाही. घरात विस्तव कुठे ठेवलेला आहे, पाणी कशावर तापतं, दिवा कशाचा आहे, घराला खोल्या किती, यावर ते ठरतं. घर बदललं की जखमही बदलते.

आधी चूल होती, आणि ती जमिनीवर होती. रांगणाऱ्या मुलाची आणि चुलीची उंची एकच. शेजारच्या वैलावर आमटी, मागे निखारे, पुढे बाहेर ओढलेली जळती लाकडं. मूल हात टेकत टेकत तिथे पोचायचं आणि तळहात निखाऱ्यावर पडायचा. मागच्या अंगणात नाहीतर मोरीजवळ तांब्याचा बंब. त्याचा पत्रा दिवसभर गरम आणि खालच्या तोंडातून विस्तवाची राख सांडलेली. संध्याकाळ झाली की चिमणी. औषधाच्या बाटलीला नाहीतर डब्याला भोक पाडून त्यात वात घातलेला तो दिवा हलका असे, लवंडला की रॉकेल सांडे आणि वातीची ज्योत त्याच्या मागे जाई. चिमणीच्या उजेडात अभ्यास करून मोठ्या झालेल्यांच्या आठवणी आपण हौसेने छापतो. चिमणी अंथरुणावर पडून भाजलेल्यांच्या आठवणी कुणी छापत नाही.

हे सगळं भूतकाळात ढकलायची घाई नको. ऊसतोडीच्या कोपीत आणि वीटभट्टीवरच्या झोपडीत चूल अजून जमिनीवरच आहे, तीन दगडांची. आई पहाटे फडात जाते, आणि तान्ह्यावर लक्ष ठेवायला सहा-सात वर्षांची बहीण असते.

मग स्टोव्ह आला. स्वीडनच्या फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी १८९२च्या सुमारास बनवलेला प्रायमस आपल्या दोन-तीन पिढ्यांचा सोबती झाला. पंप मारायचा, पिन घालायची, पुन्हा पंप मारायचा. नंतर वातीचे स्टोव्ह आले. खोली एक, स्टोव्ह जमिनीवर, भोवती अभ्यासाला बसलेली मुलं, आणि रॉकेल संपलं की विझवायचा कंटाळा करून पेटत्या स्टोव्हमध्येच ओतायची सवय. भडका उडाला की तो स्टोव्हजवळच्या माणसापुरता राहत नसे.

या काळातल्या जळीत कक्षांवर एक गडद छाया आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे वाक्य पंचनाम्यात इतक्या वेळा आलं की त्यावरचा विश्वासच उडाला. हुंड्यासाठी जाळलेल्या आणि जाचाला कंटाळून पेटवून घेतलेल्या तरुण बायकांनी वॉर्ड भरलेले होते. १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८-अ कलम आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब. या बायकांच्या कडेवर, पदराला, कुशीत मुलं असत. त्यांची गणती आईच्या केसमध्ये बुडून जाई. मुलांच्या भाजण्याकडे आपलं लक्ष उशिरा गेलं याचं एक कारण मला हे वाटतं. शेजारच्या खाटेवरची गोष्ट इतकी भयंकर होती, की चहा अंगावर सांडलेलं दीड वर्षाचं पोर किरकोळ वाटायचं.

ते किरकोळ नसतं. मोठ्या माणसाच्या शरीराचा किती भाग भाजला हे पटकन सांगण्यासाठी डॉक्टर नवाचा नियम लावतात: डोकं-मान नऊ टक्के, एक हात नऊ, एक पाय अठरा. एडिंबरोच्या अलेक्झांडर वॉलेस यांनी तो १९५१ साली प्रसिद्ध केला. तान्ह्या मुलाला हा नियम लागत नाही, कारण त्याच्या एकट्या डोक्याचं क्षेत्रफळच अठरा-एकोणीस टक्के असतं आणि पाय छोटे. त्याच्यासाठी लुंड आणि ब्राउडर यांचा १९४४चा वयानुसार बदलणारा तक्ता आहे. याचा सरळ अर्थ असा की वरून सांडलेला एक कप चहा मोठ्या माणसाच्या मनगटावर फोड आणेल. तोच कप एक वर्षाच्या मुलाचा चेहरा, मान, छाती आणि खांदा मिळून दहा टक्क्यांच्या घरात नेऊ शकतो. मुलांमध्ये दहा टक्क्यांच्या वर गेलं की शिरेतून द्रव द्यावे लागतात. त्वचा पातळ असल्यामुळे तेवढ्याच उष्णतेत जखम खोलही जाते.

आता चहाच येतो. गेल्या दोन-तीन दशकांत रॉकेल आपल्या घरांतून हळूहळू आणि मग झपाट्याने गेलं. शहरांत गॅस आधीच पोचला होता. १ मे २०१६ रोजी बलियात सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने तो खेड्यात नेला, विजेने चिमणी विझवली, रेशनवरचं निळं रॉकेल आटलं. ज्योतीने भाजणं कमी झालं. त्याच काळात मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात बाईच्या कंबरेइतका उंच ओटा आला आणि विस्तव जमिनीवरून वर गेला. आज भाजून येणाऱ्यांपैकी पाच वर्षांखालची बहुतांश मुलं गरम द्रवाने पोळलेली असतात: चहा, दूध, वरण, आंघोळीचं पाणी. जखमेची जागाही बदलली. चुलीच्या काळात तळहात आणि पाय जात, कारण मूल विस्तवाकडे जाई. ओट्याच्या आणि टीपॉयच्या काळात द्रव मुलाकडे येतो. ते टाचा उंचावून पातेल्याची दांडी ओढतं, टेबलावरचं कापड ओढतं, किटलीची लोंबती वायर ओढतं. म्हणून चेहरा, मान, छाती, एक दंड. जखमेचा आकार पाहून भांडं किती उंचावर होतं याचा अंदाज येतो. आणि दोन्ही पावलांना मोज्यासारखी एकसारखी रेघ मारल्यागत जखम असेल, तर मूल पाण्यात उभं केलं गेलं का, हा अप्रिय प्रश्न डॉक्टरांना विचारावाच लागतो.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर. आपल्या मोरीतला क्रम ठरलेला आहे: आधी बादलीत आधणाचं पाणी ओतायचं, मग त्यात विसण घालायचं. विसण आणायला किंवा नळाखाली तांब्या धरायला आई वळते, तेवढी मिनिटभर ती बादली मोरीत वाफाळत उभी असते, आणि आंघोळीसाठी कपडे काढलेलं मूल तिच्या शेजारी. त्या बादलीची कड दोन वर्षांच्या मुलाच्या कंबरेला येते. ते पुढे वाकतं आणि डोक्याच्या वजनाने तोल जातो. क्रम उलटा केला, आधी गार पाणी आणि त्यात आधण, तर बादलीत कोणत्याही क्षणी पोळण्याइतकं पाणी एकटं उरत नाही. खर्च शून्य. प्रसूतीनंतर लसीच्या कार्डाबरोबर आईला सांगण्यासारखी ही एक गोष्ट आहे, पण त्या कार्डावर तिला जागा मिळालेली नाही.

तापमानाचं गणित जुनं आणि पक्कं आहे. हार्वर्डमधले मॉरित्झ आणि हेन्रिकेस यांनी १९४७ साली ते मांडलं. मोठ्या माणसाची त्वचा ४९ अंशांच्या पाण्यात खोलवर भाजायला काही मिनिटं लागतात. ५५ अंशांना अर्धा मिनिट. ६० अंशांना पाच सेकंद. ७०ला एखादा सेकंद. मुलांना याहून कमी. आपल्याकडच्या साठवणीच्या गिझरचा काटा सहज ६०च्या पुढे फिरतो, आणि दुकानदार तो तिकडेच ठेवून देतो, कारण ‘पाणी कडक तापत नाही’ अशी तक्रार गिऱ्हाईक करतं, उलट तक्रार कुणी करत नाही. बादलीत सोडलेला हीटरचा रॉड त्याहून वाईट. त्यात उकळतं पाणी, वीज आणि लोंबती वायर अशी तिन्ही संकटं एका जागी, तीही लेकराच्या हाताच्या उंचीवर. ज्या घरांत गॅस आहे त्यांतल्या कित्येकांच्या मागच्या दारी आंघोळीच्या पाण्यासाठी तीन दगड अजून मांडलेले आहेत, कारण भरलेला सिलिंडर पाणी तापवण्यात घालवणं परवडत नाही. उज्ज्वलाने स्वयंपाकाचा विस्तव हलवला, न्हाणीचा नाही.

दिवाळीत हे सगळं एकत्र येतं. पहाटेचं अभ्यंगस्नान अंधारात, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, एकामागून एक बादल्या. त्याच्या आदल्या आठवड्यात फराळ. चकलीचं तेल १७०-१८० अंशांवर असतं. मोठ्या कढईला ओट्यावर जागा नाही म्हणून शेगडी खाली मांडायची आणि भोवती कोंडाळं करून बसायचं ही हौसेची पद्धत. म्हणजे वर्षातून चार दिवस आपण विस्तव पुन्हा जमिनीवर आणतो. फटाक्यांची धास्ती मात्र वेगळ्याच ठिकाणी असते. सुतळी बॉम्बला घाबरून आई-बाबा तीन वर्षांच्या मुलाच्या हातात ‘निरुपद्रवी’ फुलबाजी देतात. फुलबाजीच्या टोकाचं तापमान हजार अंशांच्या आसपास जातं, आणि विझलेली काळी तार अंगणात फेकली की ती अनवाणी पावलाची वाट पाहत पडते. त्या तारा टाकायला पाण्याची बादली शेजारी हवी. भुईनळा पेटला नाही म्हणून त्यावर वाकून बघणं, नायलॉनचा घेरदार घागरा घालून पणत्यांच्या रांगेतून फिरणं, हे बाकीचे नेहमीचे मार्ग. सर्वोच्च न्यायालयाचा फटाक्यांवरचा २०१८चा निकाल तीन तान्ह्या मुलांच्या नावाने झालेल्या अर्जावर आला, पण त्यातला प्रश्न त्यांच्या फुप्फुसांचा होता. हाता-डोळ्यांसाठी तसा अर्ज कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

बाहेर काय झालं ते पाहिलं की आपलं वेगळेपण कळतं. इंग्लंडमध्ये मुली लांब, पातळ सुती नाइटड्रेस घालून घरातल्या उघड्या शेगडीजवळ ऊब घ्यायला जात आणि पेटत. लिओनार्ड कोलब्रुक हे मुळात जंतुशास्त्रज्ञ, बाळंतज्वरावरच्या कामासाठी गाजलेले. बर्मिंगहॅमला जळितांवर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की यातली बरीच मुलं मुळात वॉर्डात यायलाच नको होती, आणि ते शेगडीला जाळी बसवण्याच्या मागणीला चिकटून बसले. १९५२ साली जाळी सक्तीची करणारा कायदा झाला, १९६४ साली मुलांच्या नाइटड्रेसच्या कापडावर नियम आले. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने १९८३ साली नवे गिझर ४९ अंशांवर लावूनच बसवायचे असा कायदा केला. काही वर्षांत तिथे नळाच्या पाण्याने पोळून दाखल होणारी मुलं निम्म्याहून कमी झाली. आणि हे श्रीमंतांचे चोचले वाटत असतील तर श्रीलंका पाहावी. डॉ. विजय गोडकुंबुरा या शल्यविशारदांनी १९९०च्या दशकात चिमणीचंच नवं रूप घडवलं: बुटका, जड, जाड काचेचा दिवा, दोन बाजू चपट्या म्हणजे लवंडला तरी गडगडत नाही, आणि आट्यांचं धातूचं झाकण म्हणजे रॉकेल सांडत नाही. नाव ‘सुदीप’. किंमत गरिबाला परवडेल अशी. १९९८ साली त्यांना रोलेक्स पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे मुलांचं भाजणं बदललं ते असं कुणी ठरवून नाही. गॅस आला तो धुरासाठी आणि मतांसाठी, वीज आली ती विकासासाठी, रॉकेल गेलं ते अनुदान वाचवण्यासाठी. मुलं वाचली ती या सगळ्याच्या ओघात. म्हणूनच जे ओघात सुटलं नाही, ते तसंच राहिलं. घरकुल योजनेत २०१६पासून घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरलं आहे आणि त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली आहे. तिथे विटांचा एक ओटा सक्तीचा केला, तर तो कोलब्रुक यांच्या जाळीचं काम करेल. हा निर्णय ग्रामविकास खात्याने घ्यायचा आहे. आरोग्य खात्याच्या पोस्टरने तो होणार नाही.

मोजदादही बघा. केंद्राच्या जळीत प्रतिबंध कार्यक्रमाच्या कागदांत भारतात वर्षाला ७० लाख जळितं आणि १ लाख ४० हजार मृत्यू असा आकडा आहे. जागतिक आरोग्य संघटना भारतात मध्यम ते गंभीर भाजणारे दहा लाखांवर धरते, आणि साऱ्या जगातले मृत्यू १ लाख ८० हजार. हे आकडे शेजारी ठेवले तर जगातले तीन चतुर्थांशाहून जास्त जळीतबळी एकट्या भारतात आहेत, किंवा कुणीतरी अंदाजपंचे बोलत आहे. मृत्यू झाला तर पोलिसांत नोंद होते. चहाने पोळलेलं मूल गल्लीतल्या दवाखान्यातून पट्टी बांधून घरी जातं आणि कुठल्याच वहीत येत नाही.

दरम्यान भाजण्याच्या नव्या जागा तयार होताहेत. मुंबईच्या लोकलच्या तारा १५०० व्होल्टवरून २५ हजार व्होल्टवर गेल्या: पश्चिम मार्गावर २०१२, मध्यवर २०१५, हार्बरवर २०१६. या दाबाला तारेला हात लागावा लागत नाही. पुरेसं जवळ गेलं की वीज मधली हवा ओलांडते. यार्डात उभ्या डब्याच्या टपावर फोटोसाठी चढलेली चौदा-पंधरा वर्षांची मुलं अशी येतात, आणि त्यांच्या जखमा आतून असतात. कातडी थोडीच जळालेली दिसते, पण स्नायू गेलेले असतात, हात कापावा लागतो. झोपडपट्टीच्या वरच्या मजल्याला खेटून गेलेल्या तारा आणि संक्रांतीचा पतंग काढायला घेतलेली लोखंडी सळई हा त्याचाच दुसरा प्रकार. तान्ह्यांसाठी रिमोटमधली आणि खेळण्यातली बटणासारखी बॅटरी आहे: गिळली आणि अन्ननलिकेत अडकली की दोन तासांत आतून भाजते, बाहेर फोड नाही, डाग नाही. २०२०च्या साथीत वाफ घ्यायचं वेड आलं. बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयाने वाफाऱ्याच्या भांड्याने पोळलेल्या मुलांची संख्या तिसपट झाल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये कळवलं. आपल्याकडे तर घरोघरी टॉवेलखाली पातेलं होतं. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. नोव्हेंबर २०२४मध्ये झाशीत तसंच घडलं. बाळंतपण घरातून दवाखान्यात गेलं, त्यामागोमाग आगही गेली.

एक गोष्ट मात्र बदलत नाही. मूल भाजलं की पहिला प्रश्न आईला: तुझं लक्ष कुठे होतं? डॉक्टर विचारतात, सासू विचारते, शेजारीण विचारते. दहा बाय दहाच्या खोलीत एका भिंतीला गॅस, दुसरीला मोरी आणि मध्ये तीन मुलं असताना लक्ष ठेवणं म्हणजे काय, हे विचारणाऱ्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसतं. या प्रश्नाचा एक दुष्परिणाम असा, की आई खरी हकीकत लपवते आणि दवाखान्यात उशिरा येते. तोवर जखमेवर टूथपेस्ट, हळद, निळी शाई, तूप, किसलेला बटाटा असं सगळं होऊन गेलेलं असतं. वाडियातली साल उकडून निर्जंतुक केलेली होती. किसणीवरचा बटाटा नव्हे. लगेच करायचं ते एवढंच: नळाचं वाहतं गार पाणी, वीस मिनिटं, बर्फ नाही. वीस मिनिटं फार वाटतात. भाजल्यापासून तीन तासांच्या आत कधीही केलं तरी उपयोग होतो. आणि कुठे कुठे तर भाजणं हाच उपचार समजला जातो: मेळघाटात तान्ह्याचं पोट फुगलं म्हणून तापल्या विळ्याने पोटावर चटके देण्याचा ‘डंबा’ अजून चालतो. तिथेही दोष नुसता अंधश्रद्धेवर टाकून मोकळं होणं सोपं आहे. भुमक्याचं, म्हणजे गावातल्या वैदूचं, घर दवाखान्यापेक्षा जवळ असतं.

जखम भरली की काम संपलं असं मोठ्या माणसाच्या बाबतीत एक वेळ म्हणता येतं. मूल वाढतं, व्रण वाढत नाही. कोपराच्या, मानेच्या, बोटांच्या सांध्यावरचा व्रण आकसत जातो आणि हाड वाढत असताना सांध्याला वाकवून धरतो. म्हणून रात्री स्प्लिंट, दिवसातले तेवीस तास घट्ट दाबाचे कपडे, तेही वर्ष-दोन वर्षं. विदर्भातल्या उन्हाळ्यात ते अंगावर ठेवणं काय असतं याची कल्पना करावी. मुलाची खाज थांबत नाही, शाळेत नाव पडतं, आणि दर दोन-तीन वर्षांनी आकसलेली जागा पुन्हा मोकळी करायला शस्त्रक्रिया. चौथ्या वर्षी पोळलेल्या मुलीच्या फायलीत अठराव्या वर्षापर्यंतच्या तारखा असतात. घरात कमावता बाप एकच असेल तर तिसऱ्या-चौथ्या तारखेनंतर ती फाईल थांबते.

मोठी जखम झाकायला मुलाच्या स्वतःच्या अंगावर पुरेशी कातडी उरलेली नसते. तेव्हा मृत्यूनंतर दान केलेली त्वचा तात्पुरतं आवरण म्हणून लागते. शीवच्या रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली, नंतर ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये, पुण्यात, नागपुरात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पथक घरी येऊन मांडी आणि पाठीवरचा पातळ थर काढतं, पट्टी बांधून देह परत देतं. देह विद्रूप होत नाही, रक्तगट जुळावा लागत नाही, वयाची वरची अट फारशी आड येत नाही. ग्लिसरॉलमध्ये चार अंशांवर ती त्वचा पाच वर्षं टिकते. नेत्रदानाचा फॉर्म भरलेली हजारो घरं महाराष्ट्रात आहेत. मृत्यूनंतर नेत्रपेढीला करायच्या त्याच फोनवर आणखी एक प्रश्न विचारायचा असतो, आणि पेढीच्या शीतकपाटात जागा अजून भरपूर आहे.